महाराजांना न मिळालेला गड

मित्रांनो, एक कोडं घालू? शिवाजी महाराजांनी कितीतरी किल्ले जिंकले. पण स्वतःचा जन्म जिथं झाला, तो किल्ला त्यांच्या हयातीत स्वराज्यात आलाच नाही. कुठला बरं? अगदी बरोबर, शिवनेरी!

१६३० साली शिवबा इथं जन्मले. पुढं १६३७ मध्ये गड मोगलांच्या हाती गेला. महाराजांनी तो घ्यायचा प्रयत्न केला. पण जमलं नाही. असं का व्हावं? उत्तर हवं असेल, तर एखाद्या रविवारी आई-बाबांबरोबर जुन्नरला जा. पुण्याहून सुमारे ९५ किलोमीटर. सकाळी निघालात, तर रात्री घरी!

पायऱ्यांच्या वाटेनं चढताना दरवाजे मोजा. एक, दोन, तीन... चांगले सात! एक फोडला, की पुढचा उभाच. वाटेत शिवाईदेवीचं दर्शन घ्या. वर अंबरखाना लागेल, म्हणजे धान्याचं कोठार. जवळच खडकात खोदलेली गंगा-जमुना टाकी. दाणा आहे, पाणी आहे. मग वेढ्याला कोण भितो? जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर १६७३ मध्ये इथं आला होता. त्यानं लिहून ठेवलंय, की गडावर हजार कुटुंबांना सात वर्षं पुरेल एवढा शिधा होता!

अखेर १७१६ साली, शाहू महाराजांच्या काळात, गड मराठ्यांकडे आला. २०२५ मध्ये तो जागतिक वारसा यादीतही गेला.

टाक्यांपाशी जरा थांबा. या पाण्यानंच गड राखला. तेव्हा रिकामी बाटली दप्तरातच ठेवा हं!