दोन खिडक्या, फजिती ऐका

तेहतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि सरकारने त्याबद्दल मला पगार दिला. घरी हेच काम आमची ही विनावेतन करते. माझं खातं हिशेब तपासणीचं. डाव्या हाताला मूळ पावती, उजव्या हाताला वही आणि मध्ये लाल पेन्सिल! दोन कागद शेजारी मांडले की लबाडी आपोआप वर येते.

संगणकाचं तसं नाही. तिथे एक टॅब उघडला की दुसरा त्याच्या मागे दडून बसतो. परवा मी पेन्शनच्या नोंदी पडताळायला बसलो. एका टॅबमध्ये कुटुंबाच्या माहितीचा फॉर्म, दुसऱ्यात हिचं आधार कार्ड. आधारचा क्रमांक बारा आकडी. चार आकडे वाचून पलीकडच्या टॅबवर जावं, तर पोचेपर्यंत त्यातले दोन वाटेतच गळालेले! पुन्हा मागे, पुन्हा पुढे. शेवटी आकडे पुटपुटत जाऊ लागलो.

"आज अवेळी रामरक्षा?" हिने विचारलं.

मी हसून वेळ मारून नेली, पण मनात पाल चुकचुकली. एकेकाळी कुठली पावती रजिस्टरच्या कितव्या पानावर, हे झोपेत सांगणारा मी. आता चार आकडे राहत नाहीत? हे काही कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

नववीतली नात मात्र मागे उभी राहून सगळं पाहत होती. "आजोबा, लक्षात कशाला ठेवायचं? शेजारी शेजारी लावा ना!" तिने माऊसने टॅब धरला आणि खाली ओढला. देठापासून आंबा सुटावा तसा तो सुटला आणि त्याची स्वतंत्र खिडकी झाली. मग विंडोजच्या चित्राची कळ दाबून तिने डावा बाण दाबला. खिडकी मुकाट्याने डावीकडच्या अर्ध्या भागात. उजव्या बाणाने दुसरी उजवीकडे. संपलं!

मागाहून चौकशी केली तर कळलं, की ही विद्या नवी नव्हेच. १९८५ साली विंडोजची पहिली आवृत्ती आली, तेव्हा त्यातल्या खिडक्या चाळीतल्या खोल्यांसारख्या शेजारी शेजारीच बसत. १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांना एकमेकींच्या अंगावर पडायची मुभा मिळाली आणि लपाछपी सुरू झाली. पुढे २००९ च्या विंडोज ७ मध्ये, खिडकी कडेला ओढली की आपणहून अर्ध्यात बसू लागली. एज ब्राउझरमध्ये तर २०२३ पासून एकाच खिडकीत दोन टॅब नांदतात. म्हणजे सोय होती, मलाच पत्ता नव्हता.

मी खुशीत आकडे उतरवले. तेवढ्यात नात म्हणाली, "आजोबा, ही मंगला कोण?"

पाहतो तर डावीकडे माधवी, उजवीकडे मंगला. आडनाव एक, नवरा एक!

त्याचं असं झालं. १९७६ साली आमचं लग्न झालं. घरात एक मंगलावहिनी आधीच होत्या, म्हणून आत्याने नवं नाव सुचवलं आणि मी ताटातल्या तांदळांवर अंगठीने 'माधवी' लिहिलं. नवरीला विचारायची पद्धत नव्हती. आधार कार्ड काढताना मात्र यंत्रावरच्या मुलाने विचारलं, "आजी, नाव काय?"

"मग मी माझं सांगितलं," ही म्हणाली.

"मला बोलली नाहीस ते?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

माझ्यातला तपासनीस एव्हाना पुढचं पाहू लागला होता. उद्या मी नसेन. ही कुठल्याशा काउंटरपुढे उभी राहील. पलीकडचा माणूस दोन कागद शेजारी ठेवील आणि म्हणेल, "बाई, पेन्शन माधवीबाईंना आहे. तुम्ही मंगला." नियमाप्रमाणे त्याचं बरोबरच असेल. असे किती अर्ज मी स्वतः लाल पेन्सिलीने परत धाडले असतील! त्या बायका कुठे गेल्या असतील, हा विचार मला नोकरीत एकदाही शिवला नव्हता.

"सोपं आहे," मी म्हणालो. "आधारवर माधवी करून घेऊ."

ही तूरडाळ निवडत होती. खडा बाजूला काढत, मान वर न करता म्हणाली, "तुमच्या कागदांचं काय करायचं ते करा. मंगला राहू द्या."

तेव्हा हल्ली मी लग्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, राजपत्र यांच्या मागे आहे. तेहतीस वर्षांत इतरांना जेवढे हेलपाटे घालायला लावले, ते सव्याज फेडतो आहे.

परवा अर्जाची पोच मिळाली. घरी आलो, चपला काढल्या आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अगं मंगला!"

आत भांड्यांचा आवाज एकदम थांबला.

"आले," ती म्हणाली.