मुखवट्यामागचा माणूस

कार्टून म्हटले की आपल्याकडची मोठी माणसे नाक मुरडतात. अभ्यास बुडतो, डोळे बिघडतात, ही तक्रार खोटी नाही. तरीही 'स्कूबी-डू' या एका कार्टूनची बाजू मी घेते, आणि त्याला कारण आहे.

भारतात कार्टून नेटवर्क १९९५ साली सुरू झाले. पुढे कल्याणला दूधनाक्याजवळच्या आमच्या घरी केबल आली, तेव्हा आम्ही भावंडे 'स्कूबी-डू' हिंदीतून बघत असू. चार मित्र, एक भित्रा कुत्रा आणि त्यांची रंगीत गाडी. मालिका मूळ अमेरिकेतली. कार्टूनमधली मारामारी फार वाढली म्हणून तिथल्या पालकांनी ओरड केली, तेव्हा मारामारीऐवजी रहस्य आणि विनोद असलेली ही मालिका काढण्यात आली. १३ सप्टेंबर १९६९ रोजी दाखवलेल्या पहिल्या भागात एक काळे चिलखत पौर्णिमेला जिवंत होते, अशी वदंता असते. शेवटी त्या चिलखतातून निघतो तो संग्रहालयाचा व्यवस्थापक. अस्सल चित्रे पळवून तिथे नकली टांगण्याचा त्याचा धंदा. लोक घाबरून लांब राहिले की त्याचे काम सोपे!

तेच काळे चिलखत २००४ च्या 'स्कूबी-डू' सिनेमात पुन्हा आले. या वेळी जुन्या भुतांचे पोशाख एका यंत्रातून जिवंत राक्षस होऊन बाहेर पडतात. सुट्टीत माझ्या चौथीतल्या मुलीने दोन्ही पाहिले आणि विचारले, "अम्मी, मग भूत खोटे की खरे?" मी म्हटले, "नीट बघ. यंत्र चालवणारा कोण निघाला?" ती म्हणाली, "माणूसच!" कथा नवी केली, तरी मुखवट्याआड माणूसच होता.

हे मी एवढ्या आग्रहाने सांगते ते माझ्या मुंब्य्रातल्या भाचीमुळे. आठवीत असताना तिला झटके येऊ लागले. हातपाय ताठ व्हायचे, तोंडाला फेस यायचा. शेजारपाजारचे म्हणाले, "असर आहे." मग कोणीतरी एका आमिलला घेऊन आले. त्याने पोरीचे नाव न विचारता सांगितले, बाप कुवेतला आहे हेही सांगितले. घर थक्क झाले. अकरा जुमेरातींचा अमल, एकवीस हजार रुपये, आणि अट अशी की तोवर डॉक्टरची एकही गोळी द्यायची नाही.

घरात एकटी पोरीची दादी गप्प होती. शाळेचे तोंड न पाहिलेली बाई. आमिल निघाल्यावर ती म्हणाली, "माझा मुलगा कुवेतहून येऊन महिना झाला, आतल्या खोलीत झोपलाय. याला ते ठाऊक नाही. गैबची खबर काय महिनाभर उशिरा येते?" चौकशी केल्यावर कळले, की त्याचा माणूस आधी येऊन खालच्या दुकानात गप्पा मारून गेला होता.

दुसऱ्या दिवशी दादीनेच पोरीला सरकारी दवाखान्यात न्यायला लावले. तपासण्या झाल्या. निदान मिरगीचे. गोळ्या सुरू झाल्या, झटके कमी होत गेले, आणि यंदा ती दहावीला आहे. योग्य निदान आणि उपचार मिळाले तर मिरगीच्या दहापैकी सात रुग्णांचे झटके थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अकरा जुमेराती म्हणजे अडीच महिने. तेवढ्या काळात गॅसजवळ किंवा जिन्यावर एखादा झटका आला असता तर?

जिन्न आहेत, यावर आपला ईमान आहे. कुरआनमध्ये त्यांचा उल्लेख आहे. आपण आयतुल कुर्सी पढतो, आजाऱ्यासाठी दुवा मागतो, आणि ते करावेच. पण गैबवर ईमान ठेवणे वेगळे आणि गैबची किल्ली माझ्या खिशात आहे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवणे वेगळे. सूरह हुजुरातमध्ये आपल्याला बजावले आहे, की भरवशाचा नसलेला माणूस खबर घेऊन आला तर आधी शहानिशा करा. भूत उतरवण्याच्या नावाखाली कोणाला मारहाण किंवा छळ करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही घराघरात माहीत असावे.

म्हणून भगिनींनो, मुले असले कार्टून बघत असतील तर दहा मिनिटे शेजारी बसा. मुखवटा निघण्याआधी त्यांना विचारा, "सगळे घाबरले तर फायदा कोणाचा?" हा प्रश्न विचारायची सवय लहानपणीच लागली, तर उद्या दारात आलेल्या कोणालाही तो विचारताना त्यांची जीभ अडखळणार नाही.