कर्ता कोण?

चिखलदऱ्याच्या धुक्यात कीचकदरीच्या काठी उभे असताना आम्हांला विराटनगरीची कथा आठवली. कीचकाला मारले भीमाने. नगरीला सांगण्यात आले, गंधर्वांनी मारले. अज्ञातवासातल्या पांडवांना ते लपवणे भागच होते. वाटाघाटींना बसणाऱ्यांना मात्र ही सवलत कशी द्यावी?

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईत सुरू झालेल्या हल्ल्यात १६६ माणसे गेली. १६ जुलै २००९ रोजी शर्म अल-शेख येथे भारत-पाकिस्तानच्या पंतप्रधानांचे संयुक्त निवेदन निघाले. त्यात हल्लेखोरांना शासन करण्याची भाषा होती. त्यांना पोसणाऱ्यांचे नाव नव्हते.

वर्गात आम्ही वाक्यातला कर्ता शोधायला शिकवतो. संवाद जरूर व्हावा. पण बंद दाराआड कोणाचे नाव घेतले, कोणाचे गाळले, हे मृतांच्या आप्तांना कळायलाच हवे.