छातीचा पिंजरा

गेल्या श्रावणात परसातल्या ओल्या पायरीवरून माझा पाय घसरला आणि डावी बाजू दगडाच्या कडेवर आदळली. त्या वेळी फारसे काही वाटले नाही. उठून कपडे झटकले. रात्री कूस बदलताना मात्र अशी कळ आली की श्वास अर्ध्यावरच अडला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बोटांनी चाचपले, फोटो काढला आणि सातवी व आठवी बरगडी मोडल्याचे सांगितले.

सारे आयुष्य बँकेत आकडे जुळविण्यात गेले, त्यामुळे ‘सातवी’ कशावरून, हे विचारल्यावाचून मला राहवेना. त्यांनी माझेच बोट धरून गळ्याखालच्या खळगीवर ठेवले आणि हळूहळू खाली नेले. थोड्याच अंतरावर हाडाचा एक आडवा उंचवटा लागला. छातीच्या मधल्या हाडाचे वरचे दोन भाग तेथे जुळतात आणि दुसरी बरगडीही नेमकी तेथेच येऊन मिळते. पहिली गळ्याच्या हाडाआड दडलेली असते, म्हणून मोजणी दुसरीपासून. चोपडीचे पहिले पान पूजेचे आणि जमाखर्च दुसऱ्यापासून, ही आपल्या पेढ्यांवरची रीत मला आठवली.

बरगड्यांच्या बारा जोड्या; स्त्रीला तितक्याच, पुरुषालाही तितक्याच. वरच्या सात जोड्या स्वतःच्या कूर्चेने मधल्या हाडाला थेट जोडलेल्या असतात. आठवी, नववी आणि दहावी मात्र आपल्या वरच्या बरगडीच्या कूर्चेचा आधार घेतात. शेवटच्या दोन पुढे कोठेच जोडलेल्या नसतात. म्हणजे माझी सातवी स्वतःच्या खात्यावर उभी होती आणि आठवी तिच्या जामिनकीवर! दोघीही एकदमच बुडाल्या.

हे सारे ऐकून मी म्हणालो, “डॉक्टरसाहेब, आता पट्टा घट्ट आवळून द्या.” ते म्हणाले, “पट्टा बांधायचा नाही.” मी हट्ट धरला. सौ.ने माझ्याकडे पाहिले. तिला कारण ठाऊक होते.

१९७२ साली आमच्या आडत दुकानात हळदीच्या पोत्यांच्या थप्पीवरून अण्णा खाली पडले. हाडवैद्य आले. त्यांनी धोतराचे फाडलेले पान अण्णांच्या छातीभोवती गुंडाळले, एक टोक स्वतः धरले आणि दुसरे मला ओढायला दिले. मी तेरा वर्षांचा होतो. “जोर लाव बाळा, अण्णांना आराम पडेल,” असे ते म्हणाले. मी पाय रोवून ओढले, आणि अण्णांना खरोखरच बरे वाटले. पुढे आठवडाभराने खोकला आला, ताप भरला, आणि तिसऱ्या आठवड्यात न्युमोनियाने ते गेले. खोकला आणि पट्टा यांची सांगड मी कधी घातली नव्हती. त्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत ती पहिल्यांदा घातली गेली.

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. बरगड्या मागून पुढे खाली उतरत येतात, असे ते सांगू लागले. श्वास घेताना वरच्या बरगड्या मधल्या हाडाला हापशाच्या दांड्यासारखे वर उचलतात. खालच्या बादलीच्या कडीसारख्या बाजूंना उघडतात. तळाशी श्वासपटल खाली सरकते. आमच्या बँकेत ‘चेस्ट’ म्हणजे नोटांची तिजोरी, दोन किल्ल्यांशिवाय न उघडणारी. छाती हीही काळीज राखणारी तसलीच तिजोरी, अशी माझी समजूत होती. पण ही तिजोरी मिनिटाला पंधरा वेळा उघडते असे धरले, तर दिवसाचा आकडा २१,६०० होतो. तेवढ्या वेळा मोडलेले हाड हलणार, आणि प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला मज्जातंतू असल्याने ते दुखणारही. पट्ट्याने दुखणे कमी होते ते छाती उघडत नाही म्हणून. पण मग फुप्फुसाच्या तळाशी हवा पोहोचत नाही, कफ साचतो आणि संसर्गाला वाव मिळतो. म्हणून आता वेदनाशामक औषध देऊन रोग्याला मुद्दाम खोल श्वास घ्यायला लावतात.

“अण्णांचे त्यामुळेच झाले का?” मी विचारले.

“तपासल्याशिवाय मी कसे सांगू? त्या काळी मोठमोठे डॉक्टरही पट्टेच बांधत,” ते म्हणाले. एवढेच. खोटा दिलासा त्यांनी दिला नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

घरी तीन गोळ्यांचे ते श्वासाचे यंत्र आले. नळीतून हवा आत ओढली की गोळ्या वर चढतात. नातीने एका दमात तिन्ही चढविल्या. माझी पहिलीही जेमतेम हलली आणि डोळ्यांत पाणी आले. उशी बाजूला दाबून धरून तासातासाला दहा श्वास, हा नेम मी लावून घेतला. सौ. वहीत टिपण ठेवी. दुसरी गोळी सतराव्या दिवशी चढली. त्या दिवशी अण्णांचा फोटो भिंतीवरून उतरवून पुसला. त्यात ते दुकानाच्या गादीवर बसलेले आहेत, सदऱ्याची वरची दोन बटणे उघडी. तिसरी गोळी अजून वर जाऊन टिकत नाही.