बारीक झालेली धार

शाळेच्या छोट्या सुट्टीत शिक्षकांच्या मुतारीत मी मुद्दाम शेवटी जायचो. आधी गेलो तर माझ्यानंतर आलेले दोघे-तिघे मोकळे होऊन, हात धुऊन चहाला निघून जायचे आणि मी आपला तिथेच उभा. सुरुवात व्हायलाच वेळ. मग बारीक धार, कधी दोन फाटे फुटलेली, आणि शेवटी नुसते थेंब. झालं असं समजून वर्गावर जावं, तर फळ्यावर आकृती निम्मी होते न होते तोच पुन्हा लागायची. एसटीचा लांबचा प्रवास असला की आदल्या संध्याकाळपासून पाणी कमी करायचो. आमच्या स्टाफरूममध्ये साखर, बीपी, अगदी मूळव्याधीवरही मोकळेपणाने बोललं जातं. लघवीची धार हा विषय मात्र कोणी काढत नाही, मीही काढला नाही.

तेव्हा माझं वय ४१. गावातल्या डॉक्टरांनी प्रोस्टेट धरून गोळी सुरू केली. ही गोळी प्रोस्टेटमधले आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू सैल करते. अडचण तिथे असेल तर ती चांगलं काम करते. माझी अडचण तिथे नव्हतीच, त्यामुळे धार होती तशीच राहिली आणि उठताना चक्कर मात्र यायला लागली. मध्येच जळजळ, थंडी वाजून ताप. त्यावर अँटिबायोटिक. आठवडाभर बरं, मग परत पहिले पाढे पंचावन्न. चाळिशीच्या आसपासच्या माणसाची धार बारीक होते तेव्हा प्रोस्टेट हे पहिलं कारण असण्याची शक्यता कमी, हे मला फार नंतर कळलं. ते डॉक्टरांना आधी सुचायला हवं होतं, असं माझं आजही मत आहे.

एका रात्री लघवी पूर्ण अडली. पोटाखाली टणक गोळा, उभं राहवेना, बसवेना, अंगाला दरदरून घाम. कराडच्या एका दवाखान्यात नेलं. नळी घालायचा प्रयत्न झाला, ती आत जाईना आणि टोकाशी रक्त आलं. तिथला तरुण डॉक्टर शहाणा होता. जबरदस्ती न करता त्याने हात थांबवला, बेंबीच्या खाली भूल दिली आणि पोटातूनच थेट मूत्राशयात नळी टाकली. पिशवी भरत गेली तसा मी माणसात आलो. तो म्हणाला, "सर, हे प्रोस्टेट वाटत नाही. पुढे रस्ताच बंद झालाय."

युरॉलॉजिस्टकडे गेलो तेव्हा आई सोबत होती. त्यांनी विचारलं, पूर्वी कधी नळी घातली होती का, गुप्तरोग झाला होता का, कुठला अपघात? मी सगळ्याला नाही म्हणत होतो. "लहानपणी दोन पायांच्या मध्ये मार बसला होता का?" यावरही मी नाहीच म्हणणार, तेवढ्यात आई म्हणाली, "बसला होता की. ह्याच्या वडलांची सायकल घेऊन टांग टाकायला गेला, पाय सटकला आणि दांड्यावर बदकन बसला. चड्डीला रक्त लागलं होतं. दोन दिवस लघवीला रडायचा." मला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. पेन खाली ठेवून डॉक्टर म्हणाले, "हेच ते."

मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे त्यांनी कागदावर काढून दाखवलेलं चित्र मला लगेच समजलं. पुरुषाचा मूत्रमार्ग साधारण १८ ते २० सेंटिमीटर लांब. (बायकांचा जेमतेम ४, म्हणून त्यांच्यात मूत्रमार्गाच्या आकुंचनाचा हा आजार क्वचित.) अंडकोषाच्या मागे, जिथे आपण सायकलच्या सीटवर टेकतो, तिथे हा मार्ग जांघेच्या हाडाच्या अगदी खाली असतो. दांड्यावर आपटलं की तो दांडा आणि हाड यांच्यात चेंगरतो. जखम भरते, पण भरताना व्रण धरतो. व्रणाची जागा आक्रसत जाते आणि भोवतालचा मऊ, रक्ताने भरलेला भागही हळूहळू निबर होतो. मग इतकी वर्षं कळलं कसं नाही? तर मार्ग चिंचोळा होत ३ मिलिमीटरच्या आसपास येईपर्यंत धारेत फारसा फरकच पडत नाही. मूत्राशयाचा स्नायू जास्त जोर लावून भरपाई करत राहतो. तो दमला की मग उघडं पडतं. तोवर लघवी मागे साचते, त्यातून जंतुसंसर्ग, खडे, आणि दुर्लक्ष झालं तर थेट किडनीवर ताण. सायकलचा दांडा हे एकच कारण नाही. ओटीपोटाचं हाड मोडलेले अपघातग्रस्त, प्रोस्टेटचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालेले, मोठ्या शस्त्रक्रियेत नळी घातलेले, शिश्नाच्या टोकाला पांढरे चट्टे पडण्याचा त्वचारोग असलेले, असे सगळे या रांगेत असतात.

निदान झालं ते आरजीयू नावाच्या एक्स-रेवर. टेबलावर कुशीवर निजवतात, एक पाय दुमडून, आणि लघवीच्या जागेतून औषध आत सोडता सोडता फोटो काढतात. दुखण्यापेक्षा लाज जास्त वाटते. पण फिल्म उजेडावर धरली तेव्हा एवढे दिवस जे कुणाला सांगता येत नव्हतं ते लख्ख समोर होतं. जाड पांढरा पट्टा, मग दीड सेंटिमीटरभर दोऱ्याइतकी रेघ, मग पुन्हा जाड पट्टा.

त्यांनी दुर्बिणीतून आतला व्रण कापला. व्हीआययू म्हणतात. कुठे चिरा नाही, टाके नाहीत, दोन दिवसांत घरी. नळी निघाली आणि अशी धार लागली की मी मनातल्या मनात त्या डॉक्टरांना दंडवत घातला. काही महिने छान गेले. मग युरोफ्लोच्या तपासणीत गाडी घसरायला लागली. यात एका नरसाळ्यात लघवी करायची, खालचं यंत्र सेकंदाला किती मिलिलिटर ते मोजतं आणि आलेख छापून देतं. निरोगी माणसाचा आलेख चढतो, सेकंदाला १५ च्या वर जातो आणि उतरतो. माझा ६ वर जाऊन सपाट झाला तो कागद संपेपर्यंत तसाच. आकुंचनाचा आलेख असाच असतो, हे मी आता कुणालाही फळ्यावर काढून समजावू शकतो.

पुन्हा कापलं. पुन्हा आवळलं, या वेळी लवकर. मग स्वतःच नळी घालायला शिकवलं. आठवड्यातून एकदा सकाळी बाथरूमची कडी लावून, जेली लावून, श्वास रोखून. पुढे दुसऱ्या दवाखान्यात तिसऱ्यांदा कापलं.

इथे मला राग आहे तो सांगतो. दुर्बिणीतून कापणं ही वाईट पद्धत नाही. आकुंचन एकच असेल, एक-दीड सेंटिमीटरचं असेल, पहिल्यांदाच होत असेल, तर बऱ्याच जणांना त्याने कायमचा आराम पडतो. पण कापणं म्हणजे व्रणावर नवी जखम, आणि जखम भरली की नवा व्रण. दुसऱ्या वेळी यशाची आशा खूप कमी होते, तिसऱ्या वेळी जवळजवळ उरतच नाही. युरॉलॉजीत हे गुपित नाही. मला मात्र प्रत्येक वेळी "छोटंसं काम आहे, करून टाकू" एवढंच सांगितलं गेलं. पुण्यात काढलेल्या नव्या आरजीयूत दीड सेंटिमीटरचे ४ झाले होते.

पुण्याला जायचं सुचवलं ते एका माजी विद्यार्थ्याने, तो औषधांच्या व्यवसायात आहे. मूत्रमार्गाच्या पुनर्रचनेत पुण्याचं नाव जगात आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. डॉ. संजय कुलकर्णी यांच्या नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रियेची पद्धत इथलीच. मार्ग एकाच बाजूने मोकळा करायचा आणि दुसऱ्या बाजूचा रक्तपुरवठा व नसा शाबूत ठेवायच्या, हे तिचं सूत्र. परदेशातले सर्जन ती शिकायला पुण्यात येतात.

मी ज्यांच्याकडे गेलो त्या सर्जननी फाइल बाजूला सरकवली आणि म्हणाले, "आ करा." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. बॅटरीने दोन्ही गाल आतून बघितले. "तंबाखू?" नाही. "गुटखा?" नाही. "सुपारी?" जेवणानंतर थोडी. "आजपासून बंद." कारण मूत्रमार्ग रुंद करायला जो तुकडा लावायचा तो गालाच्या आतल्या अस्तराचा. ते अस्तर सतत ओलं राहायला सरावलेलं असतं, चिवट असतं, त्यावर केस नसतात आणि नव्या जागी ते लवकर रुजतं. सुपारी-गुटख्याने गाल आतून पांढरे, ताठ पडलेले असले तर ते कामाचं राहत नाही. आपल्याकडे कित्येक रुग्णांची अडचण इथेच होते. आकुंचन छोटं असेल तर तेवढा भाग काढून दोन टोकं थेट जोडतात, त्याचे निकाल सर्वांत चांगले. माझ्या बाबतीत ती वेळ टळून गेली होती.

ऑपरेशन तासन्‌तास चाललं म्हणे, मला पूर्ण भूल होती. नंतर खालच्यापेक्षा तोंडच जास्त दुखलं. थंड दूध, आईस्क्रीम, मग दहीभात. भाकरी बायको दुधात कुस्करून द्यायची आणि तरी तिखटाच्या वासानेसुद्धा गाल झोंबायचा. तोंड ताठरू नये म्हणून दिवसातून अनेकदा मोठा आ करायचा व्यायाम होता. नळी सुमारे तीन आठवडे. ती काढताना पुन्हा औषध सोडून फोटो काढला, कुठे गळत नाही याची खात्री केली. युरोफ्लोवर आकडा आला २२.

सगळं पूर्वीसारखं झालं असं नाही. लघवीनंतर काही थेंब मागून येतात. अंडकोषाच्या मागे बोटाने दाबून पुढे ढकललं की मार्ग रिकामा होतो, ही युक्ती सर्जननीच शिकवली. तरी शाळेत मी गडद पँटच घालतो. आणि नवरा-बायकोच्या संबंधांचं काय, हा प्रश्न मला विचारता आला नाही, बायकोने विचारला. सुरुवातीचे काही महिने ताठरपणा कमी वाटू शकतो, बहुतेकांचा परत येतो, असं त्यांनी सरळ सांगितलं. तसंच झालं.

धार बारीक झाली असेल, जोर लावावा लागत असेल, तर वय कितीही असो, युरोफ्लो करून घ्या आणि त्यात खोट दिसली तर आरजीयूचं विचारा. एकदा कापून पुन्हा आवळलं असेल तर दुसऱ्यांदा टेबलावर जाण्याआधी युरेथ्रोप्लास्टी, म्हणजे मूत्रमार्गाची पुनर्रचना, करणाऱ्या सर्जनला फिल्म दाखवा. ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांनी वर्षातून एकदा तरी युरोफ्लो चुकवू नये, हे दुखणं कित्येक वर्षांनंतरही डोकं वर काढतं. आणि उद्या हार्निया, हृदय, काहीही निमित्ताने कुठल्या दवाखान्यात नळी घालायची वेळ आली, तर आधी मूत्रमार्गाचं ऑपरेशन झालंय हे तोंडाने सांगा आणि बारीक नळी वापरायला सांगा. तेव्हा तुम्ही बेशुद्ध असाल, म्हणून घरच्यांनाही हे माहीत असू द्या. माझ्या पाकिटात आधार कार्डाच्या मागे तशी चिठ्ठी असते.