ईरासाठी, आणि सासूबाईंनाही वाचायला

रत्नागिरी, आषाढ

चि. मृण्मयीस,


फोनवर तुझं निम्मं लक्ष ईराकडे असतं आणि उरलेलं निम्मं सासूबाईंना काय वाटेल याकडे, म्हणून लिहायलाच बसले. त्यांनाही वाचायला दे. त्यांच्याविरुद्ध यात काही नाही, उलट सगळ्यांत मोठं काम मी त्यांच्यावरच सोपवणार आहे.

आधी ईराची लाली कुठे आहे ते पाहू. ढुंगणाच्या फुगीर भागावर आणि मांड्यांना आतून लाल झालंय, जांघेच्या वळ्या मात्र स्वच्छ आहेत, असं तू म्हणालीस. हे बरं लक्षण आहे. डायपर जिथे टेकतो आणि घासतो तेवढीच कातडी चिडली आहे. ओलीनं ती आधी भिजून हुळहुळी होते. त्यात शू आणि शी एकत्र आली की शीतले जंतू शूमधल्या युरियाचा अमोनिया करतात. कातडी मुळात किंचित आम्लधर्मी असते, तीच तिची राखण. अमोनियानं ती मोडते आणि शीतले पाचकरस जोर धरून थेट कातडीवर काम करू लागतात. नुसत्या ओल्या डायपरपेक्षा शी झालेला डायपर तासभर राहणं म्हणून जास्त वाईट. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी त्या मानानं सौम्य असते. वरणभात, नाचणीसत्त्व, केळं सुरू झालं की ती बदलते, आणि तुझी ईरा नेमकी त्याच वयात आहे.

‘नैसर्गिक काय लावू?’ असं तू दोनदा विचारलंस. लावायचं नंतर बघू, आधी काढ. डायपर काढ आणि तिला उघडी ठेव. जमिनीवर मेणकापड, त्यावर जुनी गोधडी, त्यावर ती. सकाळी तासभर, दुपारी तासभर, जमेल तितकं. गोधडी भिजेल, धुवावी लागेल, दुसरं काय होणार? तिला असं उघडी ठेवून सांभाळणं, हेच सासूबाईंचं काम. त्यांच्या काळात मुलं दिवसातला बराच वेळ उघडीच असायची आणि लंगोट ओला झाला की हाताला लगेच कळायचा. गुण त्यांना खोबरेल तेलाचा वाटतो. मला तो त्या मोकळेपणाचा वाटतो.

याचा अर्थ डायपर फेकून दे असा मुळीच नाही. कापडाचं मला प्रेम असलं तरी खोटं बोलणार नाही: आतला दाणेदार पदार्थ शू शोषून धरतो, त्यामुळे चांगला डायपर भिजलेल्या लंगोटापेक्षा कातडी कोरडी ठेवतो. गोम अशी की तो वरून कोरडा दिसतो, आणि महाग असतो, म्हणून ‘अजून चालेल’ असं म्हणत आपण तो तसाच ठेवतो. दोन-तीन तासांनी बदल, शी झाली की ताबडतोब. कमरेला आणि मांडीला वळ उठत असतील तर एक माप मोठा घे.

आणि आता पावसाळ्यात लंगोट वापरायचेच असतील तर वाळण्याची पंचाईत. आमच्याकडे बाळंतिणीच्या शेगडीवर टोपली उपडी घालून त्यावर ते वाळवायचे. सगळ्या घराला धुराचा वास. तू आपली इस्त्री फिरव. दमट लंगोट बांधण्यापेक्षा सरळ डायपर बरा. धुताना साबणाचा अंश राहू नये म्हणून एकदा जास्तीचं पाणी घाल. जंतुनाशकाची टोपणं ओतू नकोस, सुवासिक कंडिशनरही नको. ते कापडात राहतं आणि कातडीला झोंबतं.

पुसायला वासाचे वाइप्स सध्या बंद. कोमट पाण्यानं धू, पुढून मागे, आणि मलमलच्या जुन्या तुकड्यानं टिपून घे. टिपून म्हणते आहे, घासून नाही. पूर्ण वाळलं की मगच लावायचं ते लाव.

खोबरेल तेलाला माझी हरकत नाही. साधं, वास न घातलेलं, पातळ हात. थोडी लाली असेल तर तेवढ्यावर भागतं. अंगावरचं दूध दोन थेंब लावून वाळू दिलं तरी किरकोळ लालीवर फायदा झाल्याचं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे; फुकट आहे, करून बघ. शतधौत घृत, म्हणजे शंभर वेळा पाण्यात फेटलेलं तूप, तुझ्या आजीच्या हातचं फार मऊ व्हायचं. पण घरी केलेल्यात पाण्याचा अंश राहतो आणि ते लवकर खराब होतं, तेव्हा डबीत आठवणीखातर ठेवू नकोस. शी पातळ होत असेल तर मात्र यातलं काहीच पुरत नाही. तिथे झिंक ऑक्साइडचं मलम किंवा साधी पेट्रोलियम जेली हवी. दुकानातलं आहे म्हणून नाक मुरडू नकोस. झिंकचा जाड थर दे, आणि दर वेळी तो खरवडून काढू नकोस. वरचा घाण झालेला भाग तेलाच्या बोळ्यानं अलगद उचल आणि वर नवा थर चढव. निम्म्या आयांकडून इथेच घोळ होतो. त्या स्वच्छतेच्या नादात नवी कातडीही पुसून काढतात.

बेसन-हळद नको. पीठ खरखरीत, आणि हळदीचा पिवळा रंग चढला की खाली लाली वाढली की कमी झाली हेच दिसत नाही. टाल्कम पावडर आणि वेखंडाची पूड उडून तिच्या छातीत जाईल. खाण्याचा सोडा, बोरिक पावडर तर लांबच ठेव. सोललेल्या कातडीतून दोन्ही अंगात भिनतात. कडुनिंबाचं तेल कोणी सुचवलं तर लक्षात ठेव, ईराचा हात ढुंगणाला लागतो आणि लगेच तोंडात जातो, आणि ते तेल तान्ह्या मुलाच्या पोटात जाणं घातक आहे. मधही याच कारणानं नको. वर्षाच्या आत मध द्यायचा नसतो. झाडाचं किंवा स्वयंपाकघरातलं आहे म्हणून ते सौम्य, असं धरून चालू नकोस. बिब्बाही झाडाचाच असतो.

लाली वळ्यांत शिरली, गडद झाली आणि कडेला सुटे लाल ठिपके उमटले तर ती बुरशी समज. अँटिबायोटिक घेतल्यावर ती होण्याची शक्यता वाढते, आणि तिला बुरशीवरचंच औषध लागतं, तेल-दूध नाही. फोड, पू, पिवळी खपली, ताप, किंवा हे सगळं नीट करूनही दोन-तीन दिवसांत उतार नसेल तर बालरोगतज्ज्ञाकडे जा. माझ्या पुढच्या पत्राची वाट बघू नकोस.

राहिली शेजारणीनं दिलेली ट्यूब. ‘एका रात्रीत गेलं’ म्हणाली ना ती? मला त्याचीच धास्ती वाटते. खाज, नायटा, पुरळ सगळ्यावर एकच अशी जी मलमं मिळतात, त्यांतल्या बऱ्याच मलमांत तीव्र स्टिरॉइड असतं. डायपरखाली झाकलेल्या कातडीतून ते जास्त शोषलं जातं, कातडी पातळ पडते, आणि बुरशी असेल तर ते तिला वरून झाकून आत वाढू देतं. ट्यूबवर बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात. त्यांत क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन दिसतंय का ते चष्मा लावून बघ आणि मला मेसेज कर. तोवर ती कपाटात वरच्या फळीवर ठेव.

तुझी,
मावशी