वकीलपत्र संपल्यावर

माझे सिनियर गेले तेव्हा शोकप्रस्ताव लिहायचं काम माझ्याकडे आलं. सांगोल्याच्या कोर्टात त्यांच्या हाताखाली मी वकिली शिकलो, तेव्हा ते मीच करावं असं सगळ्यांना वाटलं. कागद पुढे घेतला आणि शब्द आपोआप उतरले: अभ्यासू, मनमिळाऊ, पक्षकारांशी प्रामाणिक. आधी गेलेल्या प्रत्येकासाठी हेच लिहिलेलं होतं. खोटं त्यात काही नव्हतं. पण हा कागद वाचून हे गृहस्थ कोण होते ते कुणालाही कळलं नसतं, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं.

हायकोर्टात वकिली करणाऱ्याचं नाव निकालाबरोबर छापलं जातं. कनिष्ठ स्तराच्या दिवाणी न्यायालयातला निकाल रेकॉर्ड रूममध्ये जातो आणि मुदत संपली की त्यातले बरेचसे कागद नियमानुसार नष्ट होतात. तालुक्याच्या वकिलाचं आयुष्य असं त्या दप्तराबरोबर संपतं.

दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश 3, नियम 4 आहे. वकिलाचा मृत्यू झाला की त्याचं वकीलपत्र संपतं. दावा चालूच राहतो, पक्षकाराला मात्र दुसरा वकील द्यावा लागतो. त्यामुळे पुढचे काही महिने त्यांचे पक्षकार एकेक करून येत राहिले. कुणाचा वाटपाचा दावा, कुणाचा मनाईचा अर्ज, कुणाची दरखास्त. नव्या वकीलपत्रावर सही-अंगठा घ्यायचा, कोर्टात दाखल करायचं आणि जुनी फाइल वाचायला बसायचं. माझे सिनियर मला खरे भेटले ते तेव्हा.

त्यांनी लिहिलेल्या दाव्यांतली चतुःसीमा वाचावी. पूर्वेस अमक्याचा गट, दक्षिणेस ओढा, एवढ्यावर ते थांबत नसत. बांधावरची बाभळ, पडकी ताल, विहिरीकडे जाणारी पायवाट हे सगळं त्यात असे. शेत स्वतः पाहिल्याशिवाय ते दावा लिहीत नसत. खालच्या कोर्टांचं कामकाज मराठीतून चालवण्याची अधिसूचना 21 जुलै 1998 ची. त्यांच्या फाइलींत त्याच्या कितीतरी आधीचे मराठी दावे आहेत. आपल्या नावानं काय लिहिलंय ते पक्षकाराला ऐकून समजलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. दावा वाचून दाखवल्याशिवाय सही घ्यायची नाही, हे मी त्यांच्याकडूनच घेतलं.

या फाइली तारखेनुसार लावल्या तर तालुक्याचा इतिहास समोर येतो. जुन्या फाइलींत विहिरीतल्या पाण्याच्या पाळ्या आहेत. दुष्काळी मुलखात पाण्याचा हिस्सा हाच खरा हिस्सा. पुढे डाळिंब आलं आणि रस्त्याची भांडणं वाढली, कारण बागेपर्यंत गाडी जायला हवी. मग मामलेदार कोर्ट कायद्याचं कलम 5, जमीन महसूल संहितेचं कलम 143, तहसीलदारापुढच्या तारखा. हा इतिहास वकिलांच्या हस्ताक्षरात पडून आहे आणि त्याकडे कुणाचं लक्ष नाही.

भाई गणपतराव देशमुख 30 जुलै 2021 रोजी गेले, तेव्हाही मला हेच जाणवलं होतं. सांगोल्यातून 11 वेळा आमदार, शेतकरी कामगार पक्षाशी अखेरपर्यंतची निष्ठा, एसटीनं प्रवास, सूतगिरणी. हे सगळीकडे आलं आणि यायलाच हवं होतं. वकिलीबद्दल मात्र एखादी ओळ. पुण्यात कायद्याचं शिक्षण घेऊन हा माणूस सांगोल्यात वकिली करायला बसला होता आणि 1962 साली पहिल्यांदा विधानसभेत गेला. कुळकायद्यातला कृषक दिन 1 एप्रिल 1957 चा. म्हणजे कसेल त्याची जमीन हे कागदावरून बांधावर उतरत होतं, तोच हा काळ. त्या दिवसांत तालुक्यातला शेतकरी वकिलापुढे काय घेऊन येत असेल, हे कुणीतरी त्यांना विचारून लिहून ठेवायला हवं होतं. आमदारकीची पाळंमुळं तिथं सापडली असती, असं मला मनापासून वाटतं.

कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून सुरू झालं. सोलापूरसह सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी त्यासाठी चार दशकांहून जास्त काळ लढा दिला. धरणी धरली, कामकाजापासून दूर राहिले. अपिलासाठी मुंबईची रात्रभराची एसटी आणि पक्षकाराचा खर्च त्यांनी जवळून पाहिला होता. माझे सिनियरही त्या आंदोलनात होते. बेंच झालं तेव्हा ते नव्हते, त्यांच्या पिढीतले बरेचजण नव्हते. मी पहिल्यांदा कोल्हापूरला गेलो, तेव्हा आवारात उभं राहून मला त्या सगळ्यांची नावं आठवत होती.

मग मी गेलेल्या वकिलांच्या आठवणी लिहून काढायचं ठरवलं. जुन्या कारकुनांना, बेलिफांना, पक्षकारांना भेटू लागलो. अडचण लवकरच ध्यानात आली. वकिलाची सर्वात मोठी कामं कोर्टात झालेलीच नसतात. ती त्याच्या टेबलापुढे, दार लावून झालेली असतात. पक्षकारानं वकिलाला सांगितलेलं आणि वकिलानं दिलेला सल्ला गोपनीय. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम 126, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 132. काम संपलं तरी ते बंधन संपत नाही, आणि त्यातून मोकळं करायचा अधिकार पक्षकाराचा. म्हणून ज्याची गोष्ट, त्याला विचारल्याशिवाय लिहायचं नाही, हे मी नक्की केलं.

सिनियरांच्या कारकुनानं एक हकिकत सांगितली. विहिरीवरून दोन भावांचं बिनसलं. थोरला दावा लावायला आला, फी पुढे ठेवली. सिनियरांनी कागद पाहिले आणि म्हणाले, दावा तू जिंकशील, पण निकाल लागेपर्यंत दोघांची पिकं जातील. फी परत केली, धाकट्याला निरोप धाडला, पाळ्या ठरवल्या. दावा लागलाच नाही, म्हणून कोर्टाच्या कुठल्याही रजिस्टरमध्ये हे नाही.

मी थोरल्याच्या वस्तीवर गेलो. आता वय झालेलं, ऐकायला कमी येतं. लिहिलेलं त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. सिनियरांचं नाव आलं तसे ते ताठ बसले. सगळं ऐकून म्हणाले, “लिवा की साहेब. वकीलसाहेबांचं हाय ते लिवाच. पर धाकल्याचं नाव नगा घालू. त्येचा काय दोष नव्हता, दावा लावाया मी गेलतो.”

तेही वाक्य मी लिहून घेतलं, पुन्हा वाचून दाखवलं आणि खाली त्यांचा अंगठा घेतला.